पेशींच्या बेटांभोवती

सांगलीत मुखविकृतीशास्त्राचे, म्हणजे तोंडाच्या रोगांचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे काम करताना माझ्याकडे येणाऱ्या बायोप्सी बहुधा गालाच्या आतल्या भागाच्या असतात; मावा आणि मिश्री आपल्याकडे अजून सुटलेली नाही. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची बायोप्सी मात्र जिभेच्या कडेची होती. व्रण दोन सेंटिमीटरहून लहान होता, मानेत गाठ हाताला लागत नव्हती, आणि केराटिनचे मोती तयार करणाऱ्या पेशी इतक्या नीटस होत्या की ‘सुविभेदित स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे मूळच्या पेशींशी बरेच साम्य राखलेला अस्तराचा कर्करोग, एवढे लिहून अहवाल हातावेगळा करता आला असता.

नजर अडली ती कर्करोगाच्या पेशींच्या बेटांभोवतीच्या संयोजी ऊतकावर, म्हणजे स्ट्रोमावर. तिथले फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेनचे तंतू बनवणाऱ्या पेशी, फुगलेले होते आणि रोगाशी लढणारे लिम्फोसाइट अगदी विरळ होते. स्मूथ मसल ॲक्टिन या स्नायूंतल्या प्रथिनाचे रंजन करून घेतले, तेव्हा जवळपास प्रत्येक बेटाभोवती मायोफायब्रोब्लास्टचे, म्हणजे हे प्रथिन बनवू लागलेल्या फायब्रोब्लास्टचे, तपकिरी कडे उमटले. पिक्रोसिरियस रेड हा कोलॅजेन रंगवणारा रंग लावलेली स्लाइड ध्रुवित प्रकाशात धरली, तर दूरचे कोलॅजेन घट्ट आणि तांबूस-नारिंगी दिसत होते, पण कर्करोग जिथे स्नायूत शिरत होता तिथे ते पातळ, हिरवट आणि विस्कटलेले होते. मायोफायब्रोब्लास्ट वाढीचे घटक आणि कोलॅजेन तोडणारी विकरे स्रवतात. म्हणजे ज्या ऊतकाने रोगाला अडवायचे, तेच त्याला वाट करून देते.

कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या २०१७च्या पद्धतीत (स्टेजिंगमध्ये) जिभेच्या गाठीची खोली मोजली जाते, भोवतालचे ऊतक नाही. त्यामुळे अहवालात ते स्वतंत्र वाक्याने लिहिले आणि शल्यचिकित्सकांना फोन केला.

“सर, ग्रेड चांगली आहे, पण स्ट्रोमा मला चांगला वाटत नाही. मानेच्या ग्रंथी काढण्याचाही विचार करावा.”

“मी नुसत्या जिभेवरच्या गाठीचाच विचार करत होतो,” ते म्हणाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५च्या अभ्यासात, मानेत गाठ हाताला न लागताही मानेच्या लसीका ग्रंथी आधीच काढलेले रुग्ण अधिक जगल्याचे दिसले होते. त्यावर आमचे थोडे बोलणे झाले आणि त्यांनी बेत बदलला.

काढलेल्या भागात खोली सहा मिलिमीटर भरली, म्हणजे टी-१ (पहिल्या पायरीची) वाटलेली गाठ टी-२ (दुसऱ्या पायरीची) ठरली, आणि मानेच्या वरच्या एका ग्रंथीत कर्करोगाचा लहानसा साठा सापडला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, हे मी जाणते. तरीही बायोप्सी घेताना व्रणाच्या पृष्ठभागाचा नुसता खपला न पाठवता खालचे ऊतक येईल इतका खोल तुकडा पाठवावा, अशी विनंती मी तेव्हापासून प्रत्येक दंतवैद्याला करते, कारण खपल्यात हे काहीच दिसत नाही.