तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल गेला तर काय?

"सगळं मोबाईलवर ठेवता, उद्या तोच गेला तर?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, लिफ्टमध्येही विचारला जातो. सूर बहुतेकदा 'बघू या कशी जिरते' असाच. विचारणाऱ्याची बँक, फोटो, गॅसचं बुकिंग आणि पोरांच्या शाळेचा ग्रुप तरी कुठे वहीत असतो? पण मी गॅजेटं हौसेनं वापरतो आणि ते लपवत नाही, म्हणून जाब मला.

पूर्वी 'सगळं क्लाउडवर आहे' एवढं बोलून मी विषय मिटवायचो. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. क्लाउड उघडायचा तर कोड लागतो, आणि कोड येतो हरवलेल्या फोनवरच. लॅचचं दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली, त्यातली गत.

आता नीट सांगतो. समजा, संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याला लोकलमधून उतरताना मोबाईल मारला. चोर फोन बंद करतो आणि सिम काढतो. ते सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये गेलं की तुमचे ओटीपी त्याच्या हातात. फोनला बोटाचा ठसा लावा नाहीतर चेहरा, सिमला त्याचं सोयरसुतक नसतं. त्यासाठी सिम लॉक वेगळं लावावं लागतं. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीच्या आसपास ते सापडतं. मग हँडसेट बदलला किंवा फोन बंद करून सुरू केला की सिम स्वतःचा पिन मागतं. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कंपनीकडचा कोड लागतो, तो 10 वेळा चुकला की सिम कायमचं बाद. म्हणून आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या, 0000 आणि 1234 मारून बघू नका. दोन मिनिटांचं, फुकटचं काम. भारी फोनला भारी कव्हर घेणारेही ते करत नाहीत.

सिम दुसऱ्याच्या फोनवरून बंद करून घेतलंत, खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवलंत. खरी परीक्षा त्यानंतर. डुप्लिकेट सिमसाठी नंबर ज्याच्या नावावर तोच माणूस दुकानात हजर लागतो. पंधरा वर्षांपूर्वी नंबर वडिलांच्या कागदपत्रांवर घेतलेला असतो आणि वडील असतात साताऱ्याला! बरं, सिम मिळालं, सुरू झालं, कॉल येऊ लागले. एसएमएस मात्र 24 तास बंद. तुमच्या नावानं सिम काढून खातं धुणाऱ्या भामट्यांना अडवायला केलेला हा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण त्यात तुम्हीही अडकता. ज्या व्यवहाराला एसएमएसवरचा ओटीपी लागतो, तो ठप्प. यूपीआय तर नव्या फोनवर बसतानाच त्या सिममधून एक एसएमएस पाठवून खात्री करतं, म्हणजे तेही नाही. दुसऱ्या दिवशी एकदाचं बसलं, तरी पहिल्या 24 तासांत मर्यादा 5,000 रुपयांची. एटीएम कार्ड पाकिटात असेल तर निभतं, पण काही बँका 10,000 पासून तिथेही ओटीपी मागतात.

नव्या फोनवरून गूगल खात्यात शिरायला गेलात, तर गूगल म्हणतं, जुन्या फोनवर 'हो' दाबा. कोड फोन करून सांगण्याचा पर्याय दिसला तर तोच घ्या, कारण कॉल चालू असतात. ऑथेंटिकेटरचे, म्हणजे एसएमएसशिवाय लॉगिनचे कोड देणाऱ्या अ‍ॅपचे, कोड गूगल खात्यात जपून ठेवले असतील, तर ते बघायला आधी त्याच खात्यात शिरायला हवं. हा फेरा तोडतात ते बॅकअप कोड: आठ आकडी, 10 मिळतात, एकेक एकदाच चालतो. व्हॉट्सअ‍ॅपला स्वतःच लावलेला सहा आकडी पिन विसरलात आणि तिथे ईमेल दिलेला नसेल, तर सात दिवस थांबा.

म्हणून इतक्या यंत्रांच्या हौशी माणसाच्या कपाटात शेवटी एक कागद असतो. त्यावर बॅकअप कोड, आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक; स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की दिसतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करताना लागतो), बँकेचा हेल्पलाइन नंबर आणि घरच्यांचे नंबर. पासवर्ड त्या कागदावर नाही, नाहीतर कागद सापडणाऱ्याचीच चंगळ.

मी मोबाईलवर अवलंबून आहे का? आहे. घरच्यांचे नंबर मलाही कागदावर लिहावे लागतात, यातच काय ते आलं. पण ज्यांना सगळं पाठ आहे त्यांचाही ओटीपी मोबाईलवरच येतो, तेव्हा ही जिरवाजिरवी एकतर्फी नको.

राहिला ई-सिमचा, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमचा प्रश्न. ते चोराला काढता येत नाही, हा मोठा फायदा. पण फोन नुसता पाण्यात पडून मेला, तर साधं सिम पिनेनं काढून जुन्या फोनमध्ये घालता येतं आणि यूपीआय नव्यानं बसवावं लागलं तरी बाकीचं पाच मिनिटांत सुरू होतं. ई-सिमला कंपनीची दारं ठोठवावी लागतात, तीही रात्री अकराला. चोरी जास्त होते की फोन पाण्यात जास्त पडतात, यावर माझं मत दर पावसाळ्यात बदलतं. सध्या बँकेचा नंबर साध्या सिमवर आहे, पिन लावून.