दोन स्ट्रक्ट अगदी सेम, तरी कंपायलर म्हणतो वेगळे: माझा अनुभव

आमचा जुना सी कोड जीसीसी (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) ११ वरून १४ वर न्यायचा होता. बाकीचं काम पटापट झालं, डिक्लेअर न केलेली फंक्शन्स वगैरे १४ मध्ये एरर झालीयेत ती हेडर (डिक्लेरेशन्स असलेली फाइल) टाकून सुटली. अडकलं ते एकाच ठिकाणी, आणि तिथे मिळालेल्या सल्ल्यांचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय.

आमच्या मॉड्यूलमध्ये रीडिंग नावाचा टाइप आहे, म्हणजे एक स्ट्रक्ट, अनेक व्हॅल्यूंचा एकत्र गठ्ठा, त्यात ३२ बिटचा टाइमस्टॅम्प, मग १६ बिटचं टेम्परेचर, मग १६ बिटची ह्युमिडिटी. सेन्सरवाल्या व्हेंडरच्या हेडरमध्ये सॅम्पल आहे, त्यात पण हेच, ह्याच नावांनी, ह्याच क्रमाने. दोन्ही टॅग नसलेले (म्हणजे 'struct' शब्दापुढे स्वतःचं नाव नसलेले) स्ट्रक्ट, वरून नुसता टाइपडेफ, म्हणजे टाइपला दिलेलं दुसरं नाव. आमची एक रॅपर फाइल दोन्ही हेडर घेते आणि रीडिंगचा पॉइंटर (त्याच्या मेमरीचा पत्ता) सॅम्पल मागणाऱ्या फंक्शनला देते. इतकी वर्षं तिथे 'इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप' अशी वॉर्निंग यायची, कोणी बघायचं नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने त्याचा थेट एरर केला आणि बिल्ड बंद.

व्हेंडरकडे तिकीट टाकलं. बरीच वाट बघायला लावून उत्तर काय, तर 'लेआउट सेम आहे, कास्ट करा', म्हणजे हा पॉइंटर दुसऱ्या टाइपचा समज असं कंपायलरला सांगा. ऑफिसमध्येही सगळे तेच म्हणत होते. पण कास्टने फक्त एरर जातो, टाइप वेगळे ते वेगळेच राहतात. मी ब्रांचवर कास्ट टाकून दाखवलं. एक छोटं फंक्शन रीडिंगच्या पॉइंटरने टेम्परेचर दुरुस्त करतं, आणि लगेच पुढे तीच मेमरी सॅम्पलच्या पॉइंटरने वाचली जाते. ओ-झीरोवर (ऑप्टिमायझेशन बंद) बरोबर २४१ आलं. ओ-टूवर (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन चालू) जुनंच २५३. कारण ओ-टूला स्ट्रिक्ट एलियासिंग चालू असतं, कंपायलर धरून चालतो की दोन वेगळ्या स्ट्रक्टचे पॉइंटर एकाच जागेकडे बघणार नाहीत, म्हणून आधी वाचलेली व्हॅल्यूच वापरतो. आपले युनिट टेस्ट बहुतेक वेळा ओ-झीरोवर चालतात, तिथे हे कधीच दिसणार नाही, त्यामुळे टेस्ट पास झाले म्हणून निवांत बसू नका, ओ-टूवर पण चालवा.

आता डोकं फिरवणारा भाग. हेच दोन टॅग नसलेले स्ट्रक्ट दोन वेगवेगळ्या सी फाइलींमध्ये असतील, आणि मेंबरची नावं, टाइप, क्रम सगळं जुळत असेल, तर स्टँडर्डप्रमाणे ते कम्पॅटिबल असतात. एकाच फाइलीत दोन्ही आले की मात्र प्रत्येक डिक्लेरेशन नवा टाइप. म्हणजे आमची फाइल आणि व्हेंडरची फाइल वेगवेगळ्या कंपाइल होतात तेव्हा कुणाला अडचण नाही, दोघांना एकत्र आणणाऱ्या रॅपरमध्येच बोंब. मला हे कळेपर्यंत मी पॅडिंग (मेंबरमधली रिकामी जागा), ती काढणारं पॅक्ड अॅट्रिब्यूट, हेडरचा क्रम असलं सगळं तपासत बसलो होतो, आणि ज्यांना विचारलं त्यातल्या एकानेही हा नियम सांगितला नाही.

सी२३ ने, म्हणजे सी च्या नव्या स्टँडर्डने, सुटेल असं एकाने सांगितलं. अर्धंच खरं आहे. सी२३ मध्ये एकाच फाइलीत त्याच टॅगचा, तंतोतंत तसाच स्ट्रक्ट पुन्हा लिहिला तर चालतो. टॅगच नसेल तर तिथेही वेगळाच. म्हणून स्ट्रक्टला टॅग द्या, कायम द्या, टाइप करायला किती वेळ लागतो?

आमच्या स्वतःच्या मॉड्यूल्समध्ये अशाच जोड्या होत्या, तिथे मी एका कॉमन हेडरमध्ये टॅगवाला एकच स्ट्रक्ट ठेवला आणि जुनी दोन्ही नावं त्याचेच टाइपडेफ केली. टाइपडेफने नवा टाइप होत नाही, फक्त दुसरं नाव मिळतं, त्यामुळे बाकी कोडला हात लावावा लागला नाही.

व्हेंडरच्या हेडरला हात लावता येत नव्हता. अख्खा स्ट्रक्ट असाइन होत नाही, आणि स्ट्रक्टला स्ट्रक्टमध्ये कास्ट तर सी मध्ये करताच येत नाही. मग एक छोटं कन्व्हर्ट फंक्शन लिहिलं, आत मेमसीपीवाय (मेमरी बाइट-बाइट कॉपी करणारं फंक्शन). 'कॉपीने स्लो होईल' म्हणून वाद झाला, तेव्हा असेंब्ली (कंपायलरने बनवलेल्या मशीनच्या सूचना) काढून दाखवली, आठ बाइटचं लोड आणि स्टोअर, कॉल सुद्धा नाही. वाद तिथेच संपला आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.

'एफ-नो-स्ट्रिक्ट-एलियासिंग' फ्लॅग (कंपायलरला द्यायचा पर्याय, वरचं गृहीतक बंद करतो) टाकूनही ओ-टूवर बरोबर उत्तर येतं, लिनक्स कर्नल तसाच बिल्ड होतो. पण आमचा कोड दुसरे लोक त्यांच्या फ्लॅगने बिल्ड करतात, म्हणून मी त्यावर विसंबलो नाही. 'एफ-परमिसिव्ह'ने १४ मधले हे एरर परत वॉर्निंग होतात, तेवढ्यावर रिलीज मात्र करू नका.

एक राहिलंच, कन्व्हर्ट फंक्शनच्या वर स्टॅटिक असर्ट (कंपाइल करतानाच होणारी तपासणी) टाका, साइझऑफ (एकूण आकार) सारखा आहे का आणि प्रत्येक मेंबरचा ऑफसेटऑफ (सुरुवातीपासूनचं अंतर) सारखा आहे का. व्हेंडरने पुढच्या व्हर्जनमध्ये एखादं फील्ड वाढवलं किंवा हलवलं तर बिल्ड तिथेच थांबेल.