"घरात कुणाला बीपी?" "नाही."

आशाताईंनी तीनदा निरोप धाडल्यावर थोरला उपकेंद्रात आला, तेही धाकट्याच्या गाडीवर मागं बसून. थोरला ४७ चा, कंबर ११२ सेंटीमीटर, दिवसभर गल्ल्यावर. धाकटा ४१ चा, उसाच्या मोळ्या वाहणारा, नुसता काटक. तो दारातच तंबाखू मळत उभा.

थोरल्याचं पहिलं रीडिंग १५२/९६. पण दंड ३६ सेंटीमीटरचा आणि नेहमीचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) ३२ पर्यंतचा. जाड दंडाला तोकडा कफ लावला की बीपी फुगून दिसतं. मोठा कफ दोन वर्षं मागणीपत्रात लिहितेय. शेवटी पदरमोड करून आणला. पाच मिनिटं गप्प बसवलं (ह्या माणसाला हेच अवघड), पाय जमिनीला टेकवले, परत घेतलं: १३६/८४. वजन उतरवायलाच हवं, पण गोळी आज नको.

सहज म्हटलं, "दादा, तुम्हीपण या."

"मला कशाला मॅडम? माझं हाडाला कातडं."

चूळ भरायला लावली, अर्धा तास बसवलं. १८६/११२. दुसऱ्या हाताला १८२/११०. मीच दोनदा कफ तपासला.

मग आशाताईंनी घरी जाऊन भरलेला त्याचा फॉर्म काढला. त्यात धोक्याचे गुण मांडलेले असतात. वयाचे २, रोजच्या तंबाखूचे २, कंबर शून्य, कष्ट भरपूर म्हणून शून्य, घरात बीपी-शुगर 'नाही' म्हणून शून्य. एकूण ४. आधी बोलवायचं ते चारच्या वर गुण असलेल्यांना. थोरल्याचे ५ होते, म्हणून निरोप त्याला गेले.

"वडील कशानं गेले?"

"अंगावरनं वारं गेलं. पन्नाशीत. चुलत्यांचंपण तसंच."

"मग फॉर्मात नाही का सांगितलं?"

"बीपी विचारलंवतं की. बीपी कुणालाच नव्हता."

नव्हता कसला, मोजलाच नव्हता! वारं जातं म्हणजे लकवा, आणि त्यामागं बहुतेकदा वाढलेलं बीपीच असतं. तिथं 'हो' धरून २ गुण दिले असते तर ६ झाले असते. आशाताईंना दोष देत नाही. दिवसाला इतके फॉर्म भरा म्हणून वरून फोन येतात, मग प्रश्न उंबऱ्यातच उरकतात.

त्याच दुपारी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केली. थोरला मात्र जाताना रुसलेला: "मी जाडा, अन् गोळी ह्याला?"

संध्याकाळी आशाताई आणि मी गठ्ठा घेऊन बसलो. त्या रकान्यात 'नाही'च 'नाही'. त्या म्हणाल्या, "मॅडम, उद्यापासनं 'वारं गेलं का' असंच विचारते."

पहिलं घर त्यांनी स्वतःच्या माहेरचं काढलं.