फ्लटरची नोंद: कोड एक, फोनचे स्वभाव दोन

फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनसाठी ॲप बनवायचं साधन) लिहिलेलं, मीटरचं रीडिंग टिपायचं माझं छोटं ॲप आता अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतंय. यादी, आलेख, साठवण हे सगळं डार्ट या फ्लटरच्या भाषेतल्या एकाच कोडमधून आलं आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. हॉट रीलोडची, म्हणजे चालू ॲपमध्येच बदललेला कोड भरण्याची, मात्र चटक लागते. रंग बदलला, सेव्ह केलं, की पडद्यावर लगेच हजर, भरलेले आकडेही जागेवर. फक्त इनिटस्टेटमधला (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या कोडमधला) बदल त्याने दिसत नाही, त्यासाठी हॉट रीस्टार्टच (ॲप पहिल्यापासून सुरू करणं) हवा.

खरा वेळ गेला तो आकडे भरायच्या एका चौकोनात. फ्लटर बटणं, याद्या स्वतःच रंगवतो, पण कीबोर्ड मात्र फोनचाच असतो. आयफोनच्या अंकांच्या कीबोर्डवर रिटर्नचं बटण नसतं. म्हणजे आकडा टाकला, की कीबोर्ड घालवायचा कसा? टेक्स्टफील्डच्या (त्या चौकोनाच्या) ऑनटॅपआउटसाइडमध्ये, म्हणजे बाहेर बोट टेकलं की चालणाऱ्या कोडमध्ये, फोकस काढून घेतला आणि प्रश्न मिटला. त्याच कीबोर्डवर दशांश चिन्हही नसतं, ते कीबोर्डच्या प्रकारात डेसिमल ट्रू करून मागून घ्यावं लागतं. त्यातही फोनची प्रादेशिक सेटिंग काही युरोपीय देशांची असेल, तर टिंबाऐवजी स्वल्पविराम येतो आणि डबल.ट्रायपार्स (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) गुपचूप नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करतं. आता पार्स करण्याआधी स्वल्पविरामाचा टिंब करून घेतो.

मग मीटरचा फोटो. इमेज पिकरला (फोटो घेऊन देणाऱ्या पॅकेजला) आयफोनवर इन्फो.पीलिस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) कॅमेरा कशाला हवा याचं एक वाक्य लागतं. ते नसेल, तर कॅमेरा उघडायला जाताच ॲप बंद पडतं. अँड्रॉइडवर असं काही लिहावं लागत नाही, पण तिथली गंमत वेगळी: कॅमेरा उघडा असताना मेमरी कमी पडली, तर सिस्टिम मागचं आपलं ॲपच मारून टाकते. फोटो काढून परत यावं, तर ॲप नव्याने सुरू आणि फोटो गायब. त्यावर इमेज पिकरचंच रिट्रीव्हलॉस्टडेटा हे फंक्शन आहे, ॲप सुरू होताना हरवलेला फोटो त्याला विचारायचा. तपासायला भारी फोन असेल तर हे कधी दिसतच नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ (मागे गेलेला पडदा लगेच नष्ट करणारी सेटिंग) चालू केलं, की मात्र हमखास दिसतं. हे प्रत्येकाने एकदा करून बघाच.

फ्लटरऐवजी रिॲक्ट नेटिव्ह हे तसंच दुसरं साधन घेतलं असतं तर? ते फोनचेच घटक वापरतं, त्यामुळे दिसणं-वागणं आपोआप त्या त्या फोनसारखं येतं. पण कीबोर्ड आणि परवानगी यांची कटकट तिथेही चुकली नसती. एकच कोड म्हणजे एकदाच लिहिणं, तपासणं दोनदाच. आणि आयफोनचं बिल्ड करायला एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर), म्हणजे पर्यायाने मॅक लागतोच, तिथे पळवाट नाही.

पुढचं काम मागे जाण्याचं. रीडिंग अर्धवट भरलेलं असताना कुणी मागे गेलं, तर विचारायचंय. विलपॉपस्कोप या मागे जाणं अडवणाऱ्या घटकाच्या जुन्या उदाहरणांच्या नादी लागू नका, ते आता बाद ठरलंय, पॉपस्कोप वापरा. अँड्रॉइडवर ते मला हवं तसं चाललं. आयफोनवर मात्र पॉपस्कोपमध्ये कॅनपॉप फॉल्स केलं (मागे जायला मनाई केली), की कडेवरून बोट सरकवून मागे जाणंच बंद होतं, मग विचारणार कुठे? तूर्त तिथे वरच्या बाणावर भागवतोय. कुणी यातून बरा मार्ग काढला असेल तर सांगा.