भाडेकरू

पुण्यात रूम शोधत होतो तेव्हा एका काकांनी दारातच विचारलं, लग्न झालंय का, आणि कुत्रं-मांजर काही आहे का. दोन्हीला नाही म्हटलं. चहा दिला, बशीत दोन बिस्किटंपण ठेवली, रूम नाही दिली. बॅचलरला देत नाही म्हणे. जाम राग आलेला. मग कधीतरी लॉर्ड बायरनबद्दल वाचलं आणि काकांचं थोडं थोडं पटायला लागलं.

म्हणजे बघा, हा इंग्लंडचा कवी, देखणा, बायको सोडून गेलेली, 1816 मध्ये व्हेनिसला येतो, एका कापडवाल्याच्या घरात भाड्याने राहतो आणि थोड्याच दिवसांत कापडवाल्याच्या बायकोशीच सूत जुळवतो. भटाला दिली ओसरी, दुसरं काय.

बरं, तिथे तरी थांबावं ना. 1819 मध्ये तेरेसा ग्विच्चोली भेटली, जेमतेम विशीची, लग्नाला वर्षभर झालेलं, नवरा साठीच्या घरातला काउंट आणि ही त्याची तिसरी बायको. तिच्यामागे स्वारी रावेन्नाला, आणि मुक्काम कुठे, तर त्याच काउंटच्या वाड्यात, वरच्या मजल्यावर, भाड्याने! तिकडे लग्न झालेल्या बाईला असा एखादा मित्र असणं चालायचं म्हणे, त्याला नावसुद्धा होतं, काव्हालियेर सेर्व्हेन्ते, फक्त बोभाटा नको. काउंटपण काही भोळा सांब नव्हता, बायरनच्या वशिल्याने इंग्रजांचं व्हाइस-कॉन्सुलपद मिळतंय का ते बघून घेतलंच त्याने.

शेवटी प्रकरण पोपपर्यंत गेलं. जुलै 1820 मध्ये तेरेसाला वेगळं राहायची परवानगी मिळाली, अट एकच, वडिलांच्या घरी राहायचं. ती गेली. आणि बायरन? तिथेच! काउंटच्याच वाड्यात! घरमालकीण गेली, भाडेकरू आणखी वर्षभर हलला नाही. स्वतःची चार वर्षांची पोर, अलेग्रा, तिला मात्र मार्च 1821 मध्ये कॉन्व्हेंटात ठेवून मोकळा झाला, इथे मला तो अजिबात आवडला नाही.

कारण जागा कमी होती असं म्हणायचीपण सोय नाही. त्याच ऑगस्टमध्ये त्याचा कवी मित्र शेली राहायला आलेला, त्याने पत्रात घरातली मंडळी मोजून ठेवलीत: दहा घोडे, आठ धिप्पाड कुत्रे, तीन माकडं, पाच मांजरं, एक गरुड, एक कावळा, एक ससाणा, आणि घोडे सोडून सगळे घरभर मोकळे. पत्र संपवून खाली मग ताजा कलम जोडावा लागला बिचाऱ्याला, जिन्यात आत्ताच पाच मोर भेटले म्हणून.