पिकअपला पिकअप नाही, भाग ४: शिट्टीचा पत्ता लागला

आमच्या डिझेल पिकअपची ताकद चढावर कमी पडायची आणि भार आला की शिट्टी यायची; संशय टर्बोवर होता (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). त्याचं कार्ट्रिज (आतला फिरता भाग) मागवायचं रद्द. शिट्टी टर्बोची नव्हतीच. टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) जाणारा गरम बाजूचा होज, म्हणजे रबरी नळी, पोटाला चिरला होता, आणि तो चिरला होता क्लीनर बाजूच्या (डाव्या) इंजिन फाउंडेशनमुळे (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो). मागच्या नोंदीत "होज तपासले, ठीक आहेत" असं ठणकावून लिहिलं होतं, ते वाक्य खोडून टाका.

लक्षणं तीच. गाडी रिकामी असतानाही नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे चढताना चौथ्यात दम सोडते, तिसरा टाकल्याशिवाय ओढत नाही. १८०० ते २४०० आरपीएममध्ये भार आला की बारीक शिट्टी. उभ्या गाडीत न्यूट्रलला कितीही रेस करा, शिट्टी गायब. भाराशिवाय बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब) जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून हा फरक. गिअरबॉक्स आणि हौसिंग (मागच्या अॅक्सलचा डिफरन्शियल) आधीच बाद केले होते: त्यांचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, हा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर. चारही चाकं उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठेच धरत नव्हता. क्लचही घसरत नव्हता, कारण चढावर आरपीएम एकटा वर पळत नव्हता.

डिझेल पंपावरच्या बूस्ट कॉम्पेन्सेटरच्या (बूस्टप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा भाग) बारीक नळीत टी घालून बूस्ट गेज बसवला. चढावर काटा ०.३५ बारला अडकला. या इंजिनाला ०.७ च्या आसपास हवा. (पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, बाहेरचा दाब ०.९५ बारच्या जवळ. पण गेज बाहेरच्या दाबापेक्षा जास्तीचा दाबच दाखवतो, त्यामुळे उंचीचं कारण इथे चालणार नाही.) गेज शेजारच्याने वाचायचा. त्या चढावर ट्रेलरच्या गर्दीत चालवणाऱ्याने काट्याकडे बघणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

टर्बोचा शाफ्ट आडवा किंचित हलतो, तो ऑइलच्या फिल्मपुरता खेळ असतो. पुढे-मागे मात्र बोटाला काहीच जाणवलं नाही आणि पंख्याची पाती घराला घासल्याची खूण नाही. वेस्टगेटच्या (बूस्ट जास्त झालं की एक्झॉस्ट बाजूला वळवणारी झडप) अॅक्च्युएटरला हातपंपाने दाब दिला, ०.६ बारपर्यंत दांडी जागची हलली नाही. म्हणजे बूस्ट तयार होत होतं आणि वाटेत कुठेतरी सांडत होतं.

इथे बहुतेक जण फसतात ते धुरामुळे. बूस्ट गळत असेल तर हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर यायला हवा. आपल्याकडे धूर स्वच्छ होता, म्हणून गळतीचा संशय दोनदा बाजूला पडला. पण पंपावर बूस्ट कॉम्पेन्सेटर आहे. त्याच्या डायफ्रॅमला दाब कमी मिळाला की तो डिझेलही आखडतं घेतो. धूर नाही, ताकदही नाही.

मग प्रेशर टेस्ट, म्हणजे बंद इंजिनात बाहेरून हवा भरून गळती शोधायची. टर्बोच्या तोंडावर बसेल अशी पीव्हीसी एंडकॅप, तिला ११.५ मिमीचं भोक, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. बोहरी आळीत हे सगळं किरकोळीत जमतं. क्रँककेसच्या (इंजिनाचं खालचं पोट) ब्रीदरची, म्हणजे तिथली वाफ बाहेर काढणारी, नळी टर्बोच्या तोंडाशी जोडलेली असते, ती काढून बूच मारायचं. नाहीतर दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील उडवतो. रेग्युलेटर ०.७ बारवर, त्यापुढे नाही. कॅप तारेने बांधून ठेवायची, सुटली तर गोळीसारखी येते. ऑइलच्या झाकणातून थोडा फुसफुसाट आला तर घाबरू नका: कुठल्या तरी सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो आणि हवा रिंगांवरून खाली उतरते. क्रँक थोडा फिरवला की आवाज बदलतो.

साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर फिरवलं. एक बुडबुडा नाही. दाब बंद करून मिनिटभर थांबलं तरी काटा संथच उतरला. टेस्ट पास, गाडी नापास. डोकं फिरवणारी जागा हीच.

उत्तर सापडलं ते ब्रेक टेस्टमध्ये. बॉनेट उघडं, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक घट्ट दाबलेला, दुसरा गिअर, क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायचा. गाडीच्या पुढे कोणीही उभं राहायचं नाही, बघणाऱ्याने बाजूला. इंजिन क्लीनर बाजूने उचललं गेलं, आणि थोडंथोडकं नाही, चांगलं इंचभर. क्रँक पुढून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे ब्लॉक उलट्या दिशेला लोटला जातो आणि डावं फाउंडेशन ताणलं जातं. त्याचं रबर लोखंडाच्या पत्तीपासून आडवं सुटलं होतं. उभ्या गाडीत इंजिनाचं वजन ती फट मिटवून टाकतं, म्हणून टॉर्च मारूनही काही दिसत नव्हतं.

एंडकॅप परत लावली, ०.७ बार भरला, आणि ब्लॉकच्या डाव्या कडेखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन हळूहळू उचललं. (ऑइल चेंबरला जॅक लावू नका, पत्रा चेपतो आणि आतली ऑइल उचलायची जाळी दबते.) दहा मिमीपर्यंत शांतता. पंधराच्या पुढे तीच शिट्टी! क्लॅम्पच्या कडेपासून बोटभर अंतरावर, खालच्या अंगाला साधारण ३ सेंमीची चीर. ताण सुटला की ओठ मिटल्यासारखी बंद.

दुरुस्ती त्या मानाने सरळ. दोन्ही फाउंडेशन नवी घेतली, एकच बदललं तर नवं-जुनं मिळून इंजिन तिरकं बसतं. नाना पेठेत निम्म्या भावातलीही मिळतात. त्यांच्या रबरात नख सहज रुतलं आणि पत्तीच्या कडेला रबर चिकटलेलंच नव्हतं, म्हणून परत ठेवली. बोल्ट आधी हाताने, मग इंजिन पाच मिनिटं आयडलला चालवून बसू द्यायचं, मग आवळायचे. आवळून बसवलं तर रबर पिळलेलंच राहतं आणि आयडलला केबिन थरथरतं.

होजला सिलिकॉनचा मोह आवरला. गरम बाजूला टर्बोतून ऑइलची वाफ येतेच, आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर नसेल तर साधं सिलिकॉन ती पिऊन मऊ पडतं. निळा रंग दिसायला छान, एवढंच. कापडी थरांचा रबरी होज घेतला, ५० मिमी आतला व्यास, पाइपच्या टोकाचा उंचवटा ओलांडून आत सरकवला. क्लॅम्प टी-बोल्टचे. जुन्या पेचाच्या क्लॅम्पच्या खाचांनीच रबरावर कड पाडली होती, चीर तिथून जवळच सुरू झाली होती.

निकाल: त्याच चढावर ०.६८ बार, चौथा बोगद्यापर्यंत टिकला, आणि भाराची शिट्टी गेली.

पण आता ती गेल्यावर तिच्याखाली दबलेला दुसरा आवाज ऐकू येतोय. न्यूट्रलमध्येही येणारी बारीक घूं. आधीचा बेत पुढच्या रविवारी डिझेल लाइन पाहायचा होता: पंपाआधी पारदर्शक नळी घालून बुडबुडे येतात का, हँड प्रायमर हवा धरतो का. तो पुढे ढकलला, कारण बूस्ट मिळाल्यावर वरच्या आरपीएमला गाडी अडखळत नाही. हे लिहिता लिहिता हेडलाइट आणि ब्लोअर एकदम चालू करून पाहिले, घूं लगेच जाड झाली. पट्टा काढून अर्धं मिनिट चालवलं, पूर्ण शांत. अल्टरनेटर (पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा). पुढची पायरी, पट्टा चढवून फील्डची (त्याला चुंबकत्व देणारी) वायर सुटी करणं: घूं थांबली तर डायोड किंवा वाइंडिंग, तशीच राहिली तर बेअरिंग. पुलीला हातात किंचित खरखर लागते, त्यामुळे पैज बेअरिंगवर. नंबर जुन्या बेअरिंगवर वाचूनच नवं घ्यायचं, "याच गाडीचं" म्हणून हातात दिलेलं नाही.

अल्टरनेटरच्या शेपटीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे आणि त्याला इंजिनातून ऑइल येतं. तेव्हा उतरवताना खाली ट्रे, ऑइल पाइपच्या तांब्याच्या वायसरी नव्या, आणि जोडल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पेडल मऊ उतरतंय का ते बघायचं. वायसरी यावेळच्या खरेदीत राहिल्या, म्हणून शनिवारी पुन्हा नाना पेठ.