डायव्हिंगचा बीकन घेताय? आधी बोटवाल्याला विचारा

नाशिकहून डायव्हिंगला जाणारे तारकर्ली, नेत्राणी नाहीतर थेट अंदमान गाठतात. टाकी, बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जॅकेट), रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं साधन) तिथे मिळतं. बीकन, म्हणजे पाण्यात हरवल्यास तुमचं ठिकाण रेडिओवरून कळवणारं छोटं यंत्र, बहुधा स्वतःचाच न्यावा लागतो. तो घेण्याआधी बोटवाल्याला विचारा, ‘तुमच्याकडे एआयएस (बोटींना एकमेकींचं ठिकाण रेडिओवरून दाखवणारी यंत्रणा) आहे का?’

एआयएस बीकन तुमचं जीपीएस ठिकाण थेट आसपासच्या बोटींना कळवतो. शोधणारी बोट जवळच असल्यामुळे मदत यानेच लवकर येते. पण तुमचं डोकं लाटांत आणि बोटीचा अँटेना जेमतेम तीन मीटरवर, तर सात-आठ किलोमीटरपुढे फारशी आशा नको. छोट्या फायबर बोटीवर रिसीव्हरच नसेल, तर प्रश्नच मिटला.

अशा ठिकाणी आमची पसंती पीएलबीला, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकनला. तो 406 मेगाहर्ट्झवर कोस्पास-सार्सॅट या आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना हाक देतो. आपल्याकडे ती इस्रोच्या बंगळुरूच्या केंद्रातून तटरक्षक दलाकडे जाते. सिग्नल किमान 24 तास चालतो. फक्त 121.5 मेगाहर्ट्झचा जुना बीकन कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. परदेशातून आणलेला बीकन त्या देशाच्या कोडवर असतो. तो भारताच्या कोडवर करून घ्या आणि नोंदणी करा, म्हणजे बचाव पथकाला घरी फोन करून खातरजमा करता येते.

अनेक पीएलबी 15 मीटरपर्यंतच पाणी सोसतात, म्हणून खोलीला टिकणारी डबी लागते. गळते ती ओ-रिंगपाशी, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यापाशी: एक केस, वाळूचा एक कण पुरतो. रिंग काढून पुसा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पहिल्या डाइव्हला आत बीकनऐवजी टिश्यू पेपर ठेवा. ओला झाला तर कळेलच.

नाशिककरांची एक खास अडचण. शहर सुमारे 600 मीटर उंचीवर, त्यामुळे इथे बंद केलेल्या डबीतली हवा समुद्रसपाटीपेक्षा सात टक्के विरळ. घाट उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण आत ओढून धरतो. सहा सेंटीमीटरच्या झाकणावर तो जोर दोन किलोच्या आसपास. ओल्या, गारठलेल्या बोटांना तेवढा पुरतो. किनाऱ्यावर डबी एकदा उघडून पुन्हा बंद करा.

पाण्यावर हरवलात तर आधी बीसीडी फुगवा, एसएमबी (लांबून दिसणारा फुगवायचा रंगीत बोया) वर करा, शिट्टी फुंका. डबी उघडण्यापूर्वी बीकनची दोरी बीसीडीला अडकवलेली हवी. हातातून सुटून जाणं नेहमीचंच. अँटेना उभा आणि पाण्याबाहेर, जीपीएसच्या भागावर हात नको. पाण्याखाली हा सिग्नल जात नाही.

सेल्फ-टेस्ट महिन्यातून एकदाच, तीही बॅटरीच खाते. चुकून चालू झालाच, तर बंद करून लगेच तटरक्षक दलाला 1554 वर कळवा.